पारदर्शक आणि रंगीत किरिको : जपानी पैलूदार काच पाहण्याची, पारखण्याची आणि वापरण्याची रीत

टोकियोतील एखाद्या काचसामानाच्या दुकानात गेल्यावर नजर सर्वांत आधी गर्द निळ्या किंवा लाल पेल्यावर जाते आणि त्याच्या शेजारी ठेवलेला बिनरंगाचा पेला बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. किरिको, म्हणजे चाकावर खाचा पाडून पैलू काढलेली जपानी काच, विकत घ्यायची असो वा नुसती समजून घ्यायची असो, हा क्रम उलटा करावा असे माझे स्पष्ट मत आहे. आधी पारदर्शक काच पाहावी, तिच्यावर डोळा तयार करावा आणि मगच रंगीत काचेकडे वळावे. रंग नसलेल्या काचेत कारागिराला हात लपवायला जागा नसते आणि एकदा हात ओळखता आला की रंगाने दिपून जाण्याचा धोका उरत नाही. पुढचे सगळे टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत.

दोन परंपरा, दोन प्रकारची काच

किरिकोचे मुख्य प्रवाह दोन आहेत आणि त्यांतील फरक माहीत नसेल तर दुकानातल्या किमतींचा अर्थ लागत नाही. पहिला एदो किरिको. एदो हे टोकियोचे जुने नाव. तेथील ओदेन्माचो भागातील कागाया क्युबेई या काचविक्रेत्याने 1834 मध्ये कुरुंदाची पूड वापरून काचेच्या पृष्ठभागावर नक्षी कोरली, तेथून या कामाची सुरुवात मानतात. त्या काळातील एदोचे पैलूकाम पारदर्शक काचेवरचे होते. आज ज्याला लोक एदो किरिकोचा चेहरा समजतात तो निळा-लाल रंग नंतरचा आहे. मेइजी काळात (1868 ते 1912) सरकारने टोकियोतील शिनागावा येथे काचकारखाना चालवला, 1881 मध्ये इमॅन्युएल हॉप्टमन या इंग्रज तंत्रज्ञाला तेथे शिकवण्यासाठी बोलावले आणि त्याच्या हाताखाली जपानी कारागिरांनी फिरत्या चाकावर काच कापण्याची युरोपीय पद्धत आत्मसात केली. म्हणजे आजच्या एदो किरिकोतील नक्षी जपानी, पण चाकाचे तंत्र बऱ्याच अंशी इंग्रजी शिकवणुकीतून आलेले, आणि हे सांगताना तेथील कारागिरांना मुळीच संकोच वाटत नाही.

दुसरा प्रवाह सात्सुमा किरिको, जपानच्या दक्षिण टोकाकडील कागोशिमाचा. सात्सुमा प्रांताचे अधिपती शिमाझु नारिओकी यांनी 1846 मध्ये एदोहून योत्सुमोतो कामेजिरो या काचकारागिराला बोलावले ते औषधांच्या बाटल्यांसाठी. त्यांचे पुत्र नारिआकिरा 1851 मध्ये गादीवर आले आणि त्यांनी या उद्योगाला रंगीत काचेची दिशा दिली. तांब्यापासून मिळणारा गडद लाल रंग साधण्यासाठी तेथे बरेच प्रयोग झाले. नारिआकिरा 1858 मध्ये वारले, 1863 च्या युद्धात इंग्रजी आरमाराच्या तोफांनी कारखान्याचे नुकसान केले आणि पुढे काही वर्षांत ही कला पुरती थांबली. आज विकत मिळते ती सात्सुमा किरिको 1985 मध्ये कागोशिमात नव्याने उभी केलेली आहे. उरलेल्या जुन्या वस्तू, त्यांची मोजमापे आणि रंगांचे पृथक्करण यांवरून कारागिरांनी ती पुन्हा शोधून काढली. जुनी परंपरा अखंड चालत आली अशी विक्रेत्याने बतावणी केली तर तेवढे बाजूला ठेवावे, पण नव्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

एदो किरिकोला टोकियो महानगराने 1985 मध्ये आणि केंद्र सरकारने 2002 मध्ये पारंपरिक कारागिरीचा दर्जा दिला. कारागिरांच्या सहकारी संघाने हे नाव नोंदवून घेतले आहे आणि ते लावण्यासाठी अटी ठरलेल्या आहेत : वस्तू काचेची हवी, काम हाताने केलेले हवे, त्यात मुख्यतः फिरते साधन वापरलेले हवे आणि उत्पादन टोकियोचा कोतो विभाग मध्यवर्ती धरून आखलेल्या कान्तो परिसरात, म्हणजे टोकियोभोवतालच्या प्रदेशात, झालेले हवे. या अटींत रंगाचा कोठेही उल्लेख नाही. पारदर्शक पेलाही तितकाच खरा एदो किरिको असतो.

रंग काचेत कोठे असतो

पुढच्या टप्प्यांसाठी हा भाग नीट समजून घेणे आवश्यक आहे. रंगीत किरिको बहुतेक वेळा आरपार रंगीत नसतो. आतला जाड भाग पारदर्शक काचेचा आणि त्याच्यावर बाहेरून रंगीत काचेचा थर अशी त्याची रचना असते. जपानीत अशा काचेला इरोकिसे म्हणतात आणि बिनरंगाच्या काचेला सुकी. भट्टीवर रंगीत आणि पारदर्शक अशा दोन्ही काचा नळीवर वेगवेगळ्या घेतात, वितळलेल्या अवस्थेतच एकीला दुसरीच्या आत बसवतात, दोन्ही एकजीव झाल्या की फुंकून साच्यात आकार देतात आणि मग सावकाश थंड करतात. येथे एक अडचण कायम असते. दोन्ही काचा तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या आणि निवताना सारख्याच आकसणाऱ्या नसतील, तर थंड होताना त्यांच्या सांध्यात ताण उरतो आणि वस्तू भट्टीजवळच तडकते किंवा नंतर चाकावर ठेवताच फुटते. म्हणून हवा तो रंग हव्या त्या काचेवर चढवता येत नाही.

रंग धातूंपासून येतात. निळा कोबाल्टचा, गडद लाल तांब्याचा आणि गुलाबीकडे झुकणारा तेजस्वी लाल सोन्याचा. सोन्याचा लाल महाग असतो तो केवळ सोन्याच्या किमतीमुळे नव्हे. योग्य छटा येण्यासाठी काच पुन्हा ठरावीक उष्णतेवर आणावी लागते आणि त्यात थोडे इकडेतिकडे झाले तरी रंग बिघडतो. जांभळ्यासाठी मँगनीज वापरण्याची रीत जुनी आहे.

दोन्ही परंपरांतला डोळ्यांना दिसणारा खरा फरक या थराच्या जाडीत आहे. एदो किरिकोत रंगाचा थर पातळ असतो. चाकाची धार त्यात उतरली की लगेच खालची पारदर्शक काच लागते, त्यामुळे निळ्या पार्श्वभूमीवर स्वच्छ, चमकती रेषा उमटते आणि रंग व बिनरंग यांची सीमा करकरीत राहते. सात्सुमा किरिकोत थर बराच जाड असतो. त्यात खाच पसरट, उतरत्या कोनात घेतली की रंगाची जाडी काठाकडे जास्त आणि खोलाकडे कमी होत जाते, आणि गडदापासून फिकटापर्यंत रंग विरत गेल्याचा परिणाम दिसतो. जपानी लोक त्याला बोकाशी म्हणतात. कोणत्याही पेल्याची एक खाच डोळ्यांजवळ धरून रंगाच्या कडेकडे पाहिले तर हा फरक क्षणात कळतो : एका ठिकाणी रंग रेषेशी येऊन थांबतो, दुसऱ्या ठिकाणी तो खाचेच्या उतारावरून खाली उतरत पुसट होतो. अर्थात आज एदोकडील काही कारागीरही जाड थराच्या काचेवर काम करतात, तेव्हा फक्त या एका खुणेवरून वस्तू कोठची हे ठामपणे सांगू नये.

खाच कशी पडते : कामाचे टप्पे

पारख करायची तर वस्तू कोणत्या पायऱ्यांतून गेली हे ठाऊक असायला हवे, कारण प्रत्येक पायरीवरची चूक वेगळी दिसते.

पहिली पायरी आखणीची, वारिदाशी. पेल्यावर उभ्या आणि आडव्या मार्गदर्शक रेषा काढून घेर समान भागांत वाटतात. पूर्वी यासाठी लोखंडी गेरूचा तांबडा रंग आणि बांबूची काडी किंवा कुंचला वापरत. आता साध्या शाईच्या पेननेही काम भागते. पूर्ण नक्षी कधीच काढत नाहीत. फक्त जाळीचे छेद दाखवणाऱ्या रेषा असतात आणि बाकीचे सगळे कारागिराच्या डोक्यात असते. येथे घेराची वाटणी केसभर चुकली तरी जाळीचे शेवटचे घर पहिल्याला मिळताना अरुंद किंवा रुंद होते. नक्षी कोठे मिळवली आहे ते शोधण्यासाठी पेला हळूहळू पूर्ण फिरवावा.

दुसरी पायरी ठळक कापणीची, आराझुरी. पूर्वी लोखंडी चाकावर पाण्यात कालवलेली जाडी कुरुंदपूड सोडत; आता हिऱ्याची पूड बसवलेली चाके सर्रास वापरतात आणि त्यांवर पाण्याची धार सतत चालू असते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चाक पेल्याच्या खाली, कारागिराच्या समोर फिरत असते आणि तो पेला दोन्ही हातांनी धरून वरून चाकावर दाबतो. म्हणजे खाच पडते ती पेल्याच्या पलीकडच्या, खालच्या बाजूला, आणि कारागीर तिच्याकडे पाहतो ते पेल्याच्या आतून, काचेच्या भिंतीतून. पारदर्शक काचेत त्याला धार स्पष्ट दिसते, पण खाच कोठे संपते हे मात्र पाणी आणि प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे फसवे होते. निळ्या काचेत रंग कापला गेला की उजेड आत येतो, त्यामुळे रेषा ओळखणे तुलनेने सोपे जाते. काळ्या काचेत ही सोय राहत नाही. तेथे प्रखर दिवा लावून, हाताला जाणवणारा दाब आणि कानाला येणारा आवाज यांवर भिस्त ठेवावी लागते. म्हणूनच काळा किरिको कठीण मानला जातो आणि त्याची किंमतही त्यानुसार असते.

तिसऱ्या पायरीवर, सान्बानगाके, त्याच खाचांवरून अधिक बारीक पुडीचे चाक फिरवून त्यांची खोली आणि टोके निश्चित करतात. लहान नक्षी बहुतेक येथेच पडते. चौथी पायरी इशिकाके, म्हणजे दगडी चाकाची. नैसर्गिक किंवा कृत्रिम दगडाच्या चाकावर पाणी सोडत खाचांचा खरबरीतपणा काढतात. बाहेरच्या माणसाला ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते पेल्याचा दर्जा सर्वाधिक येथेच ठरतो, कारण दगडाने राहिलेला ओरखडा पुढे कितीही घोटले तरी पूर्ण जात नाही आणि पारदर्शक काचेत तो राखाडी छायेसारखा कायम दिसत राहतो.

शेवटी झिलई, मिगाकी. लाकडी चाक, ब्रशचे चाक किंवा पट्टा यांवर पाण्यात कालवलेली बारीक पूड घेऊन प्रत्येक खाच पुन्हा एकदा चालवतात आणि अखेरीस मऊ चाकावर शेवटची चमक आणतात. झिलईची दुसरी पद्धत आम्लाची आहे : हायड्रोफ्लोरिक आणि गंधकाम्लाच्या मिश्रणात वस्तू बुडवल्या की पृष्ठभाग विरघळून सगळ्या खाचा एकदम चकचकीत होतात. ती वेगवान असते, गुंतागुंतीच्या नक्षीसाठी उपयोगीही असते, पण तिच्यामुळे खाचांच्या कडा किंचित बोथट होतात. हाताने घोटलेल्या पेल्याची कड बोटाला जाणवते. आम्लाने झळकवलेल्या पेल्याची चमक सगळीकडे सारखी, जरा ओलसर भासते. दोन्हींना मी खोटे म्हणणार नाही, पण हाताच्या झिलईची किंमत मोजताना ती खरोखर हाताची आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

नक्षीचे वाचन

ठरलेल्या काही नक्षी ओळखता आल्या की पारख खूप सोपी होते. सर्वांत मूलभूत नानाको. दोन दिशांच्या समांतर खाचा एकमेकींना छेदून मध्ये बारीक टोकदार दाणे सोडतात. कोकणात मासे साफ करताना गाबोळी पाहिलेल्या वाचकाला ती लगेच ओळखू येईल, आणि जपानी नावही माशाच्या अंड्यांचेच आहे. नानाको पाहताना एकच तपास करावा : प्रत्येक दाण्याचे टोक तीक्ष्ण आहे का, की काही टोके चपटी राहिली आहेत? खाच पुरेशी खोल गेली नाही तर टोकावर मूळ काचेचा सपाट तुकडा राहतो. रंगीत पेल्यात त्या टोकावर रंगाचा ठिपका राहतो. तो सर्वत्र सारखा आणि हेतुपूर्वक ठेवलेला असेल तर नक्षीचाच भाग समजावा. येथे आहे, तेथे नाही असे असेल तर तो दोष.

हाक्काकु कागोमे, म्हणजेच अष्टकोनी कागोमे, ही बांबूच्या टोपलीच्या विणीवरून आलेली नक्षी. आडव्या, उभ्या आणि दोन्ही तिरप्या रेषा अशा बसवतात की त्यांच्यामध्ये अष्टकोन उरतात. किकुत्सुनागीत म्हणजे शेवंतीच्या साखळीत याउलट चारही दिशांच्या रेषा एकाच बिंदूतून जाव्या लागतात. येथे भिंग लावून एखादाच छेदबिंदू पाहावा. चारही रेषा खरोखर एका ठिकाणी मिळत असतील तर बिंदू स्वच्छ ताऱ्यासारखा दिसतो. एखादी रेषा किंचित सरकली असेल तर मध्ये लहानसा त्रिकोण उघडा पडतो. पेल्याच्या भिंतीवर अशा बिंदूंची संख्या मोठी असते आणि ते सगळे निर्दोष असतील अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही, पण दहाबारा बिंदू पाहिले की हात कळतो. याशिवाय असानोहा म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या पानाची नक्षी, याराई म्हणजे तिरप्या कुंपणाची, शिप्पो म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची. शेवटच्या नक्षीत वक्ररेषा असल्याने ती सरळ खाचांपेक्षा कितीतरी अवघड असते. दिसायला साधी म्हणून तिला स्वस्त समजू नये.

खाचेची आणखी एक भूमिती ध्यानात ठेवावी. चाकाची धार इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची असल्याने खाच जितकी खोल तितकी वर रुंद होते. म्हणून एकाच रेषेची रुंदी मध्येच बदलली तर तेथे हाताचा दाब बदलला होता असे समजावे. रंगीत पेल्यात हे लांबूनही दिसते, कारण पांढऱ्या रेषेची जाडी रंगाच्या पार्श्वभूमीवर उघडी पडते. पारदर्शक पेल्यात मात्र ते प्रकाशात तिरपे धरून पाहावे लागते. अशा तपासापुरता रंगीत पेला अधिक प्रामाणिक ठरतो, हे माझ्या सुरुवातीच्या मताच्या विरुद्ध जाणारे असले तरी मान्य केले पाहिजे. ओरखडे, बुडबुडे, काचेतील ढगाळपणा आणि झिलईतील कसर यांसाठी पारदर्शक. रेषेच्या समानतेसाठी रंगीत.

दुकानात पाहण्याचा क्रम

दुकानदाराची परवानगी घेऊन पेला दोन्ही हातांनी, बुडाखाली एक तळवा ठेवून उचलावा; बोटातील अंगठ्या आधी काढून ठेवाव्यात. सुरुवात पारदर्शक पेल्याने करावी. तो काळ्या किंवा गडद कापडापुढे धरला की खाचा उजळतात आणि घोटायच्या राहिलेल्या जागा पांढुरक्या दिसतात. मग त्यात वरून सरळ बुडाकडे पाहावे. बुडावर कोरलेले शेवंतीचे फूल भिंतीवरच्या प्रत्येक पैलूत लहान होऊन पुन्हा दिसते आणि पेला फिरवला की ही सगळी प्रतिबिंबे एकदम सरकतात. प्रतिबिंबे सारख्या आकाराची असतील तर पैलू सारखे आहेत. पाणी ओतून पाहण्याची परवानगी मिळाली तर अवश्य पाहावे, कारण भरलेल्या पेल्यात प्रकाशाचा मार्ग बदलतो आणि रिकामा असताना साधा वाटणारा पेला अचानक जिवंत होतो. पारदर्शक किरिकोचे सौंदर्य मुख्यतः या अवस्थेसाठीच असते.

नंतर रंगीत पेला घ्यावा. काठ आडवा धरून त्याची जाडी पाहावी. बाहेरची रंगाची रेघ आणि आतली स्वच्छ काच असे दोन थर दिसले तर ती इरोकिसे. काठापासून आतपर्यंत सगळे एकाच रंगाचे असेल आणि खाचांतही रंगच दिसत असेल तर काच आरपार रंगीत आहे. खाचांचे तळ पारदर्शक आहेत, पण रंग काचेच्या पृष्ठभागावर केवळ लेपासारखा बसला आहे आणि कडांपाशी किंचित उडालेला आहे असे दिसले तर तो रंग भट्टीत चढवलेला नाही, वरून दिलेला आहे. साच्यात दाबून केलेली नक्कल ओळखणे याहून सोपे : खाचांच्या कडा गोलसर असतात, नखाने चाचपल्यावर धार लागत नाही आणि बऱ्याचदा दोन बाजूंना साच्याची उभी शिवण उठून दिसते.

वजनाबद्दल थोडे. शिसे मिसळलेली काच साध्या सोडा काचेपेक्षा जड असते, तिचा वक्रीभवनांक जास्त असतो, म्हणून ती अधिक चमकते; शिवाय ती मऊ असल्याने चाकाला सोपी जाते. टिचकी मारल्यावर तिचा नाद लांबतो, पण हा प्रयोग दुकानात करू नये. किरिको दोन्ही प्रकारच्या काचेवर करतात आणि सोडा काचेचा पेला हलका लागला म्हणून त्याला निकृष्ट ठरवणे चूक आहे. पारदर्शक पेल्यात शिशाच्या काचेचा लाभ ठळक दिसतो, रंगीत पेल्यात तो रंगामागे बराचसा झाकला जातो. त्यामुळे शिशाच्या काचेसाठी जादा पैसे मोजायचेच असतील तर ते पारदर्शक वस्तूवर मोजावेत, असा माझा सल्ला राहील.

किमतींचे कोष्टक देणे व्यर्थ आहे, कारण नक्षीची घनता, झिलईची पद्धत, रंग आणि कारागिराचे नाव यांवर ती प्रचंड बदलते. एवढे मात्र सांगता येते की सारख्या आकारात सात्सुमा किरिको सामान्यतः महाग पडते, आणि एकाच कारागिराचा पारदर्शक पेला रंगीतपेक्षा बहुधा स्वस्त असतो. खरेदीपूर्वी पारंपरिक कारागिरीचा शिक्का असलेली चिठ्ठी वा संघाचे लेबल आहे का ते पाहावे. लहान स्वतंत्र कार्यशाळा कधी कधी असे लेबल वापरत नाहीत. तेथे काच कोठून आली आणि कापणी कोणी केली, हे दोन प्रश्न सरळ विचारावेत.

कोणत्या वापरासाठी कोणती काच

थंड पाणी, सरबत, साके (तांदळाचे जपानी मद्य) अशा रंगहीन किंवा फिकट पेयांसाठी रंगीत पेला शोभतो, कारण पेयामुळे त्याच्या रंगात ढवळाढवळ होत नाही. कोकम सरबतासारखे स्वतःचा रंग असलेले पेय निळ्या पेल्यात मळकट दिसते. ते पारदर्शक पेल्यात ओतावे, म्हणजे खाचाखाचांत त्याचा लाल रंग तुटून चमकतो. शिशाची काच असेल तर त्यात आंबट पेय तासन् तास ठेवू नये आणि सुरईत मद्य साठवू नये. जेवताना प्यायला हरकत नसते. उजेड कमी असलेल्या खोलीत रंगीत पेला जड, काळपट दिसतो, पारदर्शक तग धरतो. खिडकीशेजारी, ऊन येणाऱ्या मेजावर मात्र निळ्या पेल्याची पडणारी सावली पाहण्याजोगी असते.

स्वतः कापून पाहायचे असेल तर

टोकियोत कामेइदो, सुमिदा आणि आसाकुसा या भागांत पाहुण्यांना प्रत्यक्ष कापणी करू देणाऱ्या कार्यशाळा आहेत. टोकियोतीलच निशिकासाई भागात बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी कामेइदो मुळीच दूर नाही आणि तेथेच एदो किरिको कारागिरांच्या संघाचे प्रदर्शन-दालन आहे. आधी नाव नोंदवून जावे. बाह्या सैल नसाव्यात, केस बांधलेले असावेत, नखे कापलेली असावीत.

शिकवणारा बहुतेक आधी सरावाच्या तुकड्यावर हात बसवू देतो. कोपर मेजाच्या कडेला किंवा अंगाला टेकवावेत, पेला चाकाच्या नेमक्या माथ्यावर ठेवावा आणि हालचाल मनगटाने न करता दोन्ही हातांनी एकत्र, सावकाश करावी. नवशिक्याची हमखास चूक म्हणजे रेषेच्या सुरुवातीला जास्त दाब आणि शेवटी घाईने उचलणे. त्यामुळे खाच एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे शेपटीसारखी निमुळती होते. चाकाला काम करू द्यावे. पेला आडवा सरकवला तर चाक खाचेबाहेर निसटते आणि उमटलेला ओरखडा पुसता येत नाही. चाकावरच्या पाण्याची धार हाताने अडवू नये.

पहिल्या प्रयत्नासाठी रंगीत पेला निवडावा, हे ऐकून वाचकाला नवल वाटेल. पारख शिकताना पारदर्शक आधी, पण हात चालवताना रंगीत आधी. कारण रंग कापला की आतून लगेच दिसते आणि नवशिक्याला आपण कोठे आहोत हे कळत राहते. पारदर्शक काचेवर कापताना समोरची आखणी, मागची आखणी आणि पडत असलेली खाच हे सगळे एकात एक मिसळते.

भारतात परतल्यावर घरच्या ड्रिल यंत्राला हिऱ्याचे टोक लावून हे काम करण्याचा मोह होतो. तो टाळावा. पाण्याशिवाय काच घासली तर तिची पूड श्वासावाटे आत जाते आणि एका जागी वाढलेल्या उष्णतेने पेला हातातच फुटू शकतो. पाणी सोडावे तर साधे विजेचे यंत्र त्यासाठी बनवलेले नसते.

घरी नेणे आणि सांभाळणे

विमानप्रवासात पेला हातातल्या सामानात ठेवावा. आतून कागद भरून, बाहेरून बुडबुड्यांचे प्लास्टिक गुंडाळून तो मूळ खोक्यात घालावा. किरिकोची खोकी बहुधा मापाची असतात, ती फेकू नयेत.

घरात आल्यावरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तापमानातील अचानक बदल. खोल खाच पडलेल्या ठिकाणी काच पातळ आणि शेजारी जाड असते, म्हणून ती एकसारखी तापत नाही. उकळते पाणी, चहा, मायक्रोवेव्ह आणि भांडी धुण्याचे यंत्र या चारही गोष्टी वर्ज्य आहेत. फ्रीजमधून काढलेला पेला गरम पाण्याखाली धरू नये. बर्फ टाकायचा तर आधी थोडे पाणी ओतावे आणि खडे हळूच सोडावेत. इरोकिसे काचेत दोन वेगळ्या काचांचा सांधा असल्याने ही काळजी अधिक कटाक्षाने घ्यावी.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ स्पंज पुरेसा आहे. तारेची घासणी, भांड्यांची पूड, नारळाची शेंडी यांपैकी काहीही लावू नये. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर पेला आपणच धुवावा. खाचांत साचलेला मळ मऊ दातघासणीने, खाचेच्या दिशेने काढावा. महाराष्ट्रात बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत एक वेगळीच अडचण येते : पाणी सुकले की खाचांच्या तळाशी पांढरट क्षार बसतात आणि पारदर्शक पेला काही आठवड्यांतच निस्तेज दिसू लागतो. अशा वेळी पाण्यात थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून काही मिनिटे ठेवावे, मऊ ब्रशने फिरवून लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि तंतू न सुटणाऱ्या सुती कापडाने पुसावे. शेवटचा हात पिण्याच्या शुद्ध पाण्याचा फिरवला तर क्षार बसतच नाहीत.

पेले एकात एक घालून ठेवू नयेत. अडकले तर ओढाओढीत काठ जातो. काठावर लहान टवका उडालाच तर गोंदाने चिकटवण्याचा खटाटोप करू नये. जेथे शक्य असेल तेथे मूळ कार्यशाळेशी संपर्क साधावा, कारण काठ थोडा खाली घासून पुन्हा घोटता येतो. मात्र नक्षी काठाला अगदी भिडलेली असेल तर तेवढी जागा उरत नाही, म्हणून रोजच्या वापरासाठी पेला घेताना काठाखाली बोटभर पट्टा कोरा सोडलेला निवडावा.